दाढेच्या मुळाला पडलेले भोक आणि चिमूटभर सिमेंट

रूट कॅनाल सुरू आहे. दाढ बधिर केलेली असल्याने खुर्चीवरच्या रुग्णाला फारसे काही कळत नाही. ड्रिलचा आवाज थांबतो. डॉक्टर पोकळी धुतात, कापसाचा बोळा दाबतात, काढतात. बोळा लाल. पुन्हा धुणे, पुन्हा बोळा, पुन्हा लाल. दाढेतली नस काढताना रक्त येते, त्यात नवल नाही. पण नस निघाल्यावरही पोकळीच्या तळातल्या एकाच जागेवरून ताजे रक्त झिरपत राहिले, की डॉक्टरांच्या मनात शंका येते : तळाला भोक पडले असावे.

दंतवैद्यकात याला परफोरेशन म्हणतात. दाताच्या आतली पोकळी आणि बाहेरचे हाड यांच्यामध्ये जिथे वाट असायला नको, तिथे पडलेली ही वाट. एकेकाळी अशी दाढ फार दिवस टिकेल अशी आशा कुणी धरत नसे. एक तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करायची, नाही तर दाढ काढायची. आज बऱ्याच दाढांमध्ये हे भोक हिरडीला सुरी न लावता, दाढेच्या आतूनच बुजवता येते. त्यासाठी वापरले जाते ते एक प्रकारचे सिमेंट. घराच्या भिंतीत असते त्याचेच अतिशुद्ध भावंड म्हणावे असे.

मात्र या सिमेंटची एक अट आहे. ते वेळेत पडले पाहिजे. दाढेला भोक पडले म्हणून ती गेलीच असे नसते. ते भोक उघडे राहिले, तर मात्र ती जाण्याची शक्यता दिवसागणिक वाढत जाते.

तीन मिलिमीटरचा तळ

खालच्या जबड्यातली पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तिच्याआधी त्या जागी दुधाचा दात नसतो, त्यामुळे ती कधी आली हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पुष्कळ पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. पुढे रूट कॅनालसाठी खुर्चीवर येणाऱ्या दाढांमध्ये ही दाढ वरचेवर दिसते, त्याचे हे एक कारण.

या दाढेला सहसा दोन मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. त्यांत मिळून तीन किंवा चार नळ्या असतात. वरच्या दाढेला मुळे तीन, आणि नळ्या अनेकदा चार. चौथी इतकी बारीक की ती शोधणे हे स्वतंत्र काम. या सगळ्या नळ्यांची तोंडे दाढेच्या मध्यभागी असलेल्या एका लहानशा खोलीत उघडतात. या खोलीत नस असते. खोलीला छत आहे आणि तळही आहे. मोजमापे घेतलेल्या दाढांमध्ये छतापासून तळापर्यंतचे अंतर सरासरी दीड ते दोन मिलिमीटर आढळले आहे. तळाची जाडी साधारण तीन मिलिमीटर. त्याच्याखाली दोन मुळांचा दुभंग आणि त्या दुभंगात जबड्याचे हाड.

म्हणजे डॉक्टर छत फोडून आत शिरतात, तेव्हा तळ तिथून अवघ्या दीड-दोन मिलिमीटरवर असतो. हे काम तोंडाच्या मागच्या भागात, गालाच्या आड, पुष्कळदा आरशात बघून करावे लागते. त्यात वय वाढते तशी ही खोली आतून भरत जाते. जुनी कीड, जुने फिलिंग, वर्षानुवर्षांची झीज यांना उत्तर म्हणून दात आतल्या बाजूने नवा थर चढवतो. साठीतल्या माणसाच्या दाढेत छत आणि तळ कधी कधी जवळजवळ एकमेकांना टेकलेले असतात. छत संपून तळ कधी सुरू झाला हे हाताला कळत नाही. कळतो तो रंगातला फरक. तळ आसपासच्या भिंतींपेक्षा गडद असतो. सावध डॉक्टर या रंगाकडे डोळे लावून पुढे जातात.

दुसरी धोक्याची जागा खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात आहे. या मुळाची दुभंगाकडची बाजू आतून खोलगट आणि पातळ असते. काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही कमी. नळी वाकडी असली आणि ती साफ करणारी बारीक सुई, म्हणजे फाइल, सरळ व्हायला बघत असली, तर नेमकी हीच भिंत घासली जाते. घासता घासता तिला लांबट चीर पडते. तळाला पडलेले भोक गोल असते, ही मात्र फट असते. म्हणूनच ती बुजवायला जास्त अवघड.

भोक पडते कसे?

पहिले कारण वर आलेच : खोली शोधताना ड्रिल जास्त खोल जाणे. शेजारचा दात पूर्वी काढलेला असेल, तर दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे कलते. वरून सरळ वाटणारी वाट मग मुळाच्या कडेला जाऊन भिडते. दाढेवर आधीच कॅप असेल, तरीही आतल्या खऱ्या दाताचा कल दिसत नाही. दुसरे कारण म्हणजे बंद झालेली नळी शोधण्याची खटपट. तिसरे, वाकड्या नळीची सफाई.

चौथ्या कारणाकडे फारसे लक्ष जात नाही. रूट कॅनाल नीट पार पडलेले असते. दाताचा वरचा भाग फार कमी उरलेला असल्याने कॅपला आधार म्हणून मुळात एक खुंटी, म्हणजे पोस्ट, बसवायचे ठरते. तिच्यासाठी नळी रुंद करताना मूळ फुटते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५५ प्रकरणांच्या एका अभ्यासात निम्म्याहून थोडी अधिक भोके अशा पुढच्या कामात पडलेली आढळली, रूट कॅनालच्या वेळी नव्हे.

प्रत्येक भोकाला डॉक्टरांचा हातच कारणीभूत असतो असेही नाही. खोल गेलेली कीड तळ खाऊन आरपार जाऊ शकते. काही दातांमध्ये शरीराच्याच पेशी मूळ आतून किंवा बाहेरून विरघळवत नेतात. परिणाम तोच. आतले बाहेर, बाहेरचे आत.

कळते कसे?

अचानक आलेले ताजे रक्त ही पहिली खूण. बधिर करूनही रुग्णाला एकदम कळ लागणे ही दुसरी. नळी सुकवण्यासाठी कागदाची बारीक वात आत घालतात. तिच्या टोकाऐवजी बाजूला रक्ताचा डाग आला, तर भोक मुळाच्या कडेला असल्याचा अंदाज बांधता येतो.

खात्रीची साक्ष देते ते एक छोटे विजेचे यंत्र. नळी कुठवर आहे हे मोजणारे हे यंत्र, म्हणजे एपेक्स लोकेटर, आता बहुतेक दवाखान्यांत असते. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. मुळाभोवतीचा तंतूंचा पातळ थर आणि तोंडातली त्वचा यांच्यामधला विद्युतरोध दात कोणताही असो, वय काहीही असो, जवळजवळ सारखाच भरतो, हे सुनादा यांनी १९६२ मध्ये दाखवले. हा आकडा साधारण साडेसहा किलोओहम. फाइल त्या थराला टेकली की यंत्र सांगते, ‘टोक आले’. आता फाइल नळीत जेमतेम शिरली असतानाच यंत्राने ‘टोक आले’ म्हटले, तर त्याचा अर्थ एकच. फाइल भलत्याच वाटेने बाहेर पडली आहे.

साधा एक्स-रे इथे कधी कधी फसवतो. तो सपाट चित्र देतो. मुळाच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला पडलेले भोक मुळाच्याच सावलीत लपते. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून दोन-तीन एक्स-रे घेतात आणि गरज वाटली तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन काढतात.

केव्हा, केवढे, कुठे?

भोक सापडल्यावर दाढेचे भवितव्य तीन प्रश्नांवर ठरते. फस आणि ट्रोप या दोन दंतवैद्यांनी १९९६ मध्ये या प्रश्नांची नीट मांडणी केली आणि आजही निर्णय त्याच चौकटीत घेतले जातात.

पहिला प्रश्न, भोक केव्हा पडले? नुकतेच पडलेले आणि लगेच बुजवलेले भोक सर्वांत बरे. पलीकडचे हाड अजून निरोगी असते. तेच भोक काही आठवडे उघडे राहिले, तर तोंडातली लाळ आणि तिच्यातले जंतू त्यातून हाडापर्यंत पोहोचतात. शरीर जंतूंपासून मागे सरते, म्हणजेच तिथले हाड झिजते. हाडाच्या जागी सुजलेली, रक्ताळ, मऊ पेशींची गाठ तयार होते. हिरडीवर एखादी पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. दुखणे फारसे नसल्याने रुग्णही थांबतो.

दुसरा प्रश्न, भोक केवढे आहे? बारीक फाइलने पडलेले भोक लहान असते, ड्रिलने पडलेले मोठे. मोठ्या भोकात बुजवण्याचे साहित्य पलीकडे हाडात निसटण्याचा धोका जास्त आणि कड पक्की बंद होण्याची शक्यता कमी.

तिसरा प्रश्न, भोक कुठे आहे? हा सर्वांत निर्णायक. हाडाच्या बऱ्याच खाली, मुळाच्या टोकाकडे असलेले भोक तोंडापासून दूर असते. ते बुजवल्यावर सहसा शांत राहते. हाडाच्या वर, हिरडीबाहेर असलेले भोक साध्या फिलिंगसारखे भरता येते. घात करते ते मधले. हिरडी जिथे दाताला चिकटते आणि हाड जिथे सुरू होते, त्या पातळीवरचे. इथे सूज आली की हिरडीची त्वचा मुळाच्या कडेने खाली सरकत जाते आणि भोकापर्यंत पोहोचते. एकदा का दात आणि हिरडी यांच्यामध्ये असा खोल खिसा तयार झाला, की नंतर भोक कितीही छान बुजवले तरी तो खिसा आपोआप भरत नाही. दाढेच्या दोन मुळांमधला दुभंग या धोक्याच्या पातळीच्या जवळ असतो, म्हणूनच दाढेच्या तळाला पडलेल्या भोकाची इतकी धास्ती.

या तिघांपैकी आकार आणि जागा कुणाच्या हातात नसतात. भोक पडले तेव्हाच ती ठरून गेलेली असतात. हातात उरते ती फक्त वेळ.

ओल हवी असलेले सिमेंट

भोक बुजवायला डॉक्टरांनी आजवर काय काय वापरून पाहिले! चांदी, म्हणजे अमाल्गम. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल यांची मिश्रणे. नळी भरायला वापरतात ते गटापर्चा. काचेच्या भुकटीपासून बनवलेले ग्लास आयोनोमर. या सगळ्यांची अडचण सारखीच होती. त्यांना चांगले बसायला जागा कोरडी लागते, आणि भोकाच्या पलीकडे तर रक्तामांसाचे हाड. तिथे कोरडेपणा आणायचा कुठून? कडेने सूक्ष्म फट राहायची आणि तिथून जंतूंची ये-जा सुरूच राहायची.

उत्तर सापडले ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात. महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काढलेल्या ५० दाढा त्यांनी घेतल्या आणि त्यांच्या मुळांना मुद्दाम भोके पाडली. काही भोके अमाल्गमने बुजवली, काही झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या एका तयार मिश्रणाने आणि काही एका नव्या भुकटीने. मग दाढा निळ्या रंगाच्या द्रावणात ठेवल्या आणि चिरून पाहिल्या. रंग आत कितपत शिरला आहे, यावरून बूच किती पक्के हे कळणार होते. नव्या भुकटीच्या बाजूने रंग सर्वांत कमी शिरला होता. या भुकटीचे नाव मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, थोडक्यात एमटीए.

नाव भारदस्त असले तरी भुकटीचा सुमारे ७५ टक्के भाग म्हणजे शुद्ध केलेले पोर्टलँड सिमेंट. इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, आणि ज्यावर आज जगभरातले स्लॅब उभे आहेत, तेच. उरलेल्यात २० टक्के बिस्मथ ऑक्साइड. ते एक्स-रेमध्ये बूच पांढरे दिसावे यासाठी. आणि पाच टक्के जिप्सम. म्हणून कुणी बांधकामाचे सिमेंट दातात भरायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. दातांसाठीची भुकटी अतिशय बारीक, निर्जंतुक आणि जड धातूंच्या बाबतीत तपासलेली असते.

स्लॅब टाकल्यावर त्याच्यावर आळी करून पाणी साठवतात, दिवसेंदिवस पाणी मारतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला एमटीएचे रहस्य लगेच कळेल. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. पाणी कमी पडले तर ते कच्चे राहते. आधीच्या साहित्यांना ज्या ओलाव्याचे वावडे होते, तोच या सिमेंटला हवा असतो. हाडाकडून येणारी ओल त्याच्या कामात अडथळा न ठरता मदतच करते.

दुसरा गुण त्याच्या क्षारतेचा. कालवल्यावर त्याचा पीएच १०.२ असतो आणि तीन तासांत १२.५ पर्यंत चढतो. इतक्या क्षारात जंतूंचे जगणे कठीण होते. घट्ट होताना त्यातून कॅल्शियम बाहेर पडत राहते. शरीरातल्या फॉस्फेटशी त्याचा संयोग होऊन बुचाच्या पृष्ठभागावर हाडातल्यासारख्याच खनिजाचा थर बसतो. परके म्हणून शरीर त्याला फारसे डिवचत नाही.

पण सगळ्यात बोलका प्रयोग १९९५ चा. लंडनचे पिट फोर्ड आणि तोराबिनेजाद यांच्या गटाने कुत्र्यांच्या दातांच्या दुभंगात भोके पाडली. काही तिथल्या तिथे बुजवली, काही लाळेला उघडी ठेवून नंतर बुजवली. अमाल्गमने बुजवलेल्या सगळ्याच दातांभोवती सूज आढळली, ताजे असो वा जुने. एमटीएने लगेच बुजवलेल्या सहापैकी पाच दातांभोवती सूज नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पाचही बुचांवर सिमेंटम, म्हणजे मुळावर नैसर्गिकपणे असतो तो थर, काही प्रमाणात नव्याने चढला होता. दाताने बूच आपले मानले होते. आणि उशिरा बुजवलेल्या दातांत? तेच एमटीए, तेच हात, पण सातपैकी चार दातांभोवती सूज.

प्रयोग लहान होता आणि प्राण्यांवरचा होता. तरी त्याने सांगितलेली गोष्ट पुढे माणसांमध्येही खरी ठरली. साहित्य चांगले असणे गरजेचे आहे, पण गेलेला वेळ साहित्याला भरून काढता येत नाही.

खुर्चीवर प्रत्यक्षात काय होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये एमटीएला मान्यता दिली आणि ते जगभर पोहोचले. भोक बुजवण्याची आजची पद्धत साधारण अशी असते.

दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवतात. त्यामुळे लाळ आत येत नाही. मग मायक्रोस्कोपखाली भोक नीट पाहतात. पोकळी धुताना डॉक्टर हात आखडता घेतात. नळ्या धुवायला एरवी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट भोकातून हाडात गेले, तर चेहरा सुजेल इतकी जळजळ होऊ शकते. म्हणून ते सौम्य करून, अगदी हलक्या हाताने वापरतात किंवा नुसत्या सलाइनने धुतात. रक्त थांबेपर्यंत थांबतात. सूज फार असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवून काही दिवसांनी बोलावतात.

यानंतर खऱ्या नळ्यांची तोंडे झाकून घेतात, नाही तर भोक बुजवता बुजवता नळीच बुजायची. भोक मोठे असेल तर पलीकडे, हाडाच्या बाजूला, आधी कोलॅजनचा बारीक तुकडा बसवतात. स्लॅब भरण्याआधी खालून फळी लावतात, तसाच हा आधार. कोलॅजन पुढे शरीरात विरून जाते.

मग भुकटी निर्जंतुक पाण्यात कालवतात. तीन भाग भुकटीला एक भाग पाणी. ती ओल्या वाळूसारखी होते. पेस्टसारखी गुळगुळीत नाही, त्यामुळे ती हाताळायला सवय लागते. बारीक नळीतून ती चिमटीचिमटीने भोकावर सोडतात आणि हलकेच चेपतात. वर ओलसर कापूस आणि तात्पुरते फिलिंग. एमटीए घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणून उरलेले काम पुढच्या भेटीत. त्या वेळी बूच टणक झाले आहे का ते टोचून बघतात, मग नळ्या भरतात आणि शेवटी कॅप बसवतात.

२०१० च्या सुमारास आलेल्या बायोडेंटीन या फ्रेंच सिमेंटने हा वेळ आणखी कमी केला. त्याच कुळातले हे सिमेंट बारा-एक मिनिटांत आवळते, त्यामुळे एकाच बैठकीत पुढे जाता येते. शिवाय एमटीएतल्या बिस्मथमुळे दात काळपट पडतो, तसे यात होत नाही. दाढेत हा रंग कुणाला दिसत नाही, पुढच्या दातांत मात्र तो महत्त्वाचा. अलीकडे कालवायची गरज नसलेल्या, मळलेल्या कणकेसारख्या तयार पुट्टीही मिळतात.

किती दाढा वाचतात?

हाँगकाँगमधील संशोधकांनी २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. सर्व साहित्ये मिळून बुजवलेल्या भोकांपैकी सुमारे ७२ टक्के यशस्वी ठरली होती. नुसत्या एमटीएचा आकडा सुमारे ८१ टक्के. भोकाशेजारचे हाड उपचारापूर्वीच झिजलेले नसेल, तर यशाची शक्यता जास्त होती. जर्मनीतील हायडेलबर्गमध्ये एमटीएने बुजवलेल्या ६४ दातांचा पाठपुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८६ टक्के दात बरे झालेले आढळले.

या आकड्यांची दुसरी बाजूही बघायला हवी. चांगल्या संस्थेत, सरावलेल्या हातांनी, चांगले साहित्य वापरूनही सातातला एखादा दात बरा होत नाही. भोक धोक्याच्या पातळीवर असेल आणि हिरडीचा खिसा आधीच तयार झाला असेल, दात उभा चिरला असेल, किंवा कॅप बसवायला पुरेसा दातच उरला नसेल, तर बूच बसवण्यात रुग्णाचे पैसे आणि महिने खर्ची पडतात. अशा वेळी हिरडी उघडून बाहेरून दुरुस्ती करणे, दोनपैकी एक मूळ कापून काढणे, किंवा दाढच काढून दुसरा पर्याय पाहणे हे मार्ग उरतात. प्रामाणिक डॉक्टर हे सुरुवातीलाच सांगतात.

सांगणे हाही उपचारच

भोक पडणे ही डॉक्टरांसाठी अवघड घडी असते. रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत आहे, त्याला काही कळलेले नाही, तात्पुरते फिलिंग करून पुढची तारीख देणे सोपे असते. पण दाढेचे भवितव्य वेळेवर अवलंबून असेल, तर मौनाची किंमत दाढ चुकवते. आज सांगितले तर भोक आज-उद्या बुजेल. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या एक्स-रेत कळले, तर तोवर हाड गेलेले असेल. चांगले डॉक्टर म्हणूनच रुग्णाला उठवून बसवतात, एक्स-रे दाखवतात आणि स्वतःकडे मायक्रोस्कोप किंवा साहित्य नसेल तर लगोलग एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, पाठवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात, तसेच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

रुग्णानेही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भोक पडले असे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले, तर घाबरून किंवा चिडून उपचार अर्धवट सोडू नयेत. तीच वेळ उपचार पुढे नेण्याची असते. चार प्रश्न मात्र जरूर विचारावेत. भोक नेमके कुठे आहे? हाडाच्या पातळीच्या वर, खाली की मध्ये? कशाने आणि कधी बुजवणार? त्यानंतर दाढेवर कॅप बसेल इतका दात शिल्लक आहे का?

रूट कॅनाल झालेल्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येत-जात असेल, दाबल्यावर पू येत असेल किंवा एकाच जागी अन्न अडकून हिरडी सुजत असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. जुने एक्स-रे फेकू नयेत. मोबाइलमध्ये त्यांचा फोटो ठेवला तरी पुढच्या डॉक्टरांना ‘आधी काय होते’ हे कळते. भोक बुजवल्यानंतरही सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून हाड भरते आहे का हे पाहावे लागते, कारण हाड सावकाश भरते. दुखणे थांबले म्हणजे काम झाले, असे समजून अनेकजण ही शेवटची भेट टाळतात.

सगळे नीट झाले, तर त्या एक्स-रेत मुळांच्या दुभंगात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. त्याच्याखाली पूर्वी काळी सावली होती, आता हाडाची राखाडी जाळी आहे. रुग्णाला त्यातले काही जाणवत नाही. तो त्या बाजूने भाकरी चावतो, आणि दाढेत सिमेंट आहे हे विसरूनही जातो.